दाईकुत्री

"तोंड धर तिचं. घट्ट धर. चावत नाही ना?" एकिदोरनं विचारलं.

"माझ्या पोराची दाई आहे ती," आकेनो म्हणाली. "दाई कधी चावते होय?"

तिनं नापुसचं डोकं दोन्ही गुडघ्यांत दाबलं. मध्ये पोट येत होतं, त्यामुळे नीट वाकता येईना. एकिदोरनं कुत्रीचा ओठ कोपऱ्यातून ओढून गालाची पिशवी केली आणि बाटलीतलं औषध आत ओतलं. नापुसनं ते गिळलं, शिंकली, आणि शेपूट हलवली. राखेच्या रंगाची, तुकतुकीत अंगाची कुत्री. अख्ख्या वाडीत तिच्याइतकं धडधाकट दुसरं कुणी नव्हतं, माणसं धरून.

"काय पाजलंस रे तिला?" झोपडीच्या सावलीतून अपुआनं विचारलं. अपुआ ही थोरली सवत. पाय पसरून ती गळ्यातल्या मण्यांच्या चळतीला चरबी चोळत बसली होती.

"कसल्याशा फळाचा अर्क आहे. समुद्रापलीकडची माणसं जेवण झालं की ते फळ कातरून चघळतात म्हणे."

"चघळून काय होतं?"

"काही नाही. थुंकतात."

"आणि कुत्र्याला दिलं की?"

"ढाळ लागतात."

"म्हणजे त्यांच्या तोंडाची चैन ती आमच्या कुत्र्यांच्या बुडाला," अपुआ म्हणाली. शेजारच्या दोघी-तिघी हसल्या. एकिदोरही हसला. त्याला सवय होती. चार इयत्ता शिकला, कुत्री तपासत गाडीतून फिरणाऱ्यांकडे नोकरीला लागला आणि सगळ्या तुर्काना मुलखात 'कुत्र्यांचा डॉक्टर' म्हणून हसं करून घेतलं. खरे डॉक्टर गाडीतच बसून असायचे, काचा वर करून.

त्यानं नापुसला खुंटीला बांधलं आणि तिच्याभोवती काठीनं वाळूत गोल आखला. "या गोलाच्या आत कुणी पाय टाकायचा नाही," तो म्हणाला.

दाईकुत्री म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नदीचं पात्र कोरडं. त्यात पुरुषभर खोल खणावं तेव्हा तांब्याभर पाणी झिरपतं. ते पाणी माणसानं प्यावं, शेळीला पाजावं, की पोराच्या ढुंगणाला लावावं? पोरानं घाण केली की आई कुत्रीला हाक मारते. कुत्री येते, चाटून लख्ख करते, पोराला गुदगुल्या होतात, ते हसतं. पोर ओकलं तरी तीच निस्तरते. ज्यांच्या घरात नळ आहे त्यांनी खुशाल नाक मुरडावं. नळ आणून द्यायला मात्र त्यांच्यातला कुणी आजवर आलेला नाही. कुत्र्यांचे जंत मोजायला आले.

आकेनोनं जन्मभर दुसऱ्यांची पोरं अशी कुत्रीपुढं धरली होती. लोत्यांगची ती धाकटी बायको. घरात आली तेव्हा तिच्या गळ्यातली चळत हनुवटीला टेकत होती, चालणं असं की बापये पाण्यावरच्या शेळ्या विसरायचे. पण कूस उजवेना. अपुआला पाच झाली. पाचही आकेनोच्या मांडीवर वाढली. पोर पालथं धरायचं, कुत्रीला बोलवायचं, नंतर त्याच हातानं पोराला भरवायचं आणि स्वतःही खायचं. दुपारी सगळ्या आया आपापली पोरं पोटाशी घेऊन पडल्या की हिच्या पोटाशी कुत्री. कुत्री तिचं तोंड चाटायची. दुसरं चाटणार तरी कोण होतं?

आणि मग एक दिवस पोट वाढायला लागलं.

चपला फेकून भविष्य बघणाऱ्या म्हाताऱ्यानं चपला फेकल्या. दोन्ही एकमेकींकडे तोंड करून पडल्या. "मूल आहे," तो म्हणाला. "झोपलंय. पाऊस आला की उठेल." पाऊस आला आणि गेला. पुढच्या वर्षीचाही गेला. मूल उठलं नाही. पण मधल्या काळात आकेनोची वाडीतली जागा बदलली. शेळी कापली की मऊ कलेजी तिच्या वाटणीला येऊ लागली. कलेजीत पाण्याच्या फोडी निघाल्या तर तेवढा तुकडा कापून कुत्र्यांना टाकायचे, बाकीचा तिला. लाकडं आणायला तिला कुणी पिटाळेना. आणि अपुआनं, जिनं इतकी वर्षं तिला नावानं नव्हे तर 'ए वांझे' म्हणून हाक मारली होती, तिनं स्वतःची कुत्री, हीच नापुस, आणून तिच्यापुढं सोडली होती. "घे. माझी शेवटची दोन हिनंच चाटून वाढवली. तुझंही वाढवेल."

त्या दिवशी आकेनो झोपडीत जाऊन कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून रडली होती.

औषध लागू पडलं. नापुसच्या तोंडातून लाळेची तार लागली. तिची पाठ कमानीसारखी वाकली, पाय फाकले. आधी साधी विष्ठा पडली, मग पातळ, आणि शेवटी नुसती शेंबडासारखी बुळबुळीत आव. कुत्री कुंथत होती, मागं वळून आपल्याच बुडाकडे बघत होती.

"बिचारीला मारणार हा," अपुआ म्हणाली. "चांगली धडधाकट होती."

एकिदोरनं ती आव काठीनं काळ्या ताटलीत घेतली, पसरली आणि आकेनोपुढं धरली. "बघ."

आधी काही दिसेना. मग त्या चिकटात बारीक पांढरे कण दिसले. ठेचलेल्या ज्वारीच्या कणीएवढे. मग त्यातला एक हलला. मग सगळेच.

"हे तिच्या आतड्यात असतात," एकिदोर म्हणाला. "मागच्या वाडीत एक कुत्रं गोळी घालून मारलं होतं. त्याचं आतडं उभं चिरून मी बोटांवर पसरलं. आतून अशी पांढरी लव, वाटावं कापड आहे. ते कापड नव्हतं, हेच होते. डोकी आतड्यात रुतवून हजारोंनी लोंबकळत होते."

"आणि कुत्रं?"

"कुत्र्याला पत्ताच नसतो. खातं, पितं, माजावर येतं, पिल्लं घालतं. आपल्या नापुससारखं."

"मग तिला त्रास नाही, आम्हाला नाही. तुम्हाला कशाला खाज सुटली?" अपुआनं विचारलं.

"त्रास माणसाला. यांची अंडी विष्ठेतनं बाहेर पडतात. कुत्रं बूड चाटतं, मग त्याच जिभेनं पोराला चाटतं, आपले हात चाटतं. अंडं माणसाच्या पोटात गेलं की आतडं भेदून कलेजीत शिरतं आणि तिथं पाण्याची पिशवी धरतं. हळूहळू वाढते. वर्षं लागतात. मग पोट असं…"

त्यानं हातानं पोट दाखवलं आणि हात तसाच हवेत राहिला. त्याची नजर आकेनोच्या पोटावर गेली होती. त्यानं हात खाली घेतला आणि ताटलीवर रॉकेल ओतून काडी लावली.

बायका पांगल्या. एकिदोर खुंटीभोवतालची वाळू खणून जाळत होता. आकेनो त्याच्याजवळ उभी राहिली. तो तिच्या बापाच्या कुळातला, म्हणजे धाकटा भाऊच.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "पोर लाथ मारतं का गं?"

"झोपलंय."

"महिन्याचं येतं का तुला?"

"लाज वाटत नाही बहिणीला असलं विचारताना?"

"वाटते. येतं का?"

आकेनोनं जळणाऱ्या वाळूकडे बघितलं. गेली दोन वर्षं दर महिन्याला ती पात्रापलीकडे जाऊन वाळूत खड्डा करायची आणि वरून वाळू सारून यायची. ती गोष्ट तिला आणि वाळूलाच ठाऊक होती.

"येतं," ती म्हणाली.

"गाडी परवा दवाखान्याकडे जाणार आहे. तिथं कापून काढतात."

"काढल्यावर मी काय उरेन?"

"जिवंत."

"जिवंत वांझ," आकेनो म्हणाली.

ती काय म्हणत होती हे एकिदोरला कळलं. पोर झालेली बाई मेली की तिला घराच्या दारापाशी पुरतात, वर दगड रचतात, जाता-येता लोक चिमूटभर तंबाखू टाकतात, आई म्हणून हाक मारून पाऊस मागतात. पोर न झालेल्या बाईला कुंपणाबाहेर नेऊन काटेरी झाडाखाली ठेवतात. तिच्यासाठी कुणी खड्डा खणत नाही. सकाळपर्यंत तिथं काही उरत नाही. तरस येतो, आणि तरसाच्या आधी घरचीच कुत्री जातात. आकेनोच्या आत्याचं असंच झालं होतं. तिचंही पोट फुगलेलं होतं. दुसऱ्या दिवशी घरची कुत्री ओठ चाटत परत आली होती, आणि आयांनी त्याच कुत्र्यांपुढं पोरं धरली होती. आकेनोनंही धरलं होतं एक.

"नाही काढलंस तर फुटेल," एकिदोर म्हणाला. "मग मरशील आणि सगळ्यांसमोर पाणीच सांडेल. तेव्हाही कळेलच."

पोर अडलंय, दवाखान्यात जाऊन सोडवून आणते, असं घरी सांगून आकेनो गाडीत बसली. लोत्यांगनं निघताना तिच्या कपाळावर थुंकून आशीर्वाद दिला. "पोरगा असला तर चांगलंच," तो म्हणाला. "पोरगी असली तर तिच्या लग्नात शेळ्या येतील. दोन्हीकडून फायदा."

शुद्धीवर आली तेव्हा पोट सपाट होतं आणि उजव्या बरगडीखाली टाके होते. नर्सनं बादली दाखवली. आपल्या पोटातलं बघायचं आहे असं आकेनोनंच हट्टानं सांगितलं होतं. बादलीत पांढरी फाटकी पिशवी होती, आणि पिशवीत पाणी, आणि पाण्यात लहान-मोठ्या गोळ्या, तळ्यातल्या माशांच्या डोळ्यांसारख्या. सगळे डोळे तिच्याकडे बघत होते.

"श्वास होता का?" आकेनोनं विचारलं.

"कशाचा?" नर्स म्हणाली. मग तिला कळलं. ती बादली उचलून निघून गेली, खड्ड्यात जाळायला.

आकेनो परत आली ती एकटीच पायवाटेनं चालत, हात मोकळे. कुंपणाच्या दारात नाकोली उभी होती, अपुआची थोरली पोर, आकेनोच्याच मांडीवर वाढलेली. तिनं सपाट पोट बघितलं, मोकळे हात बघितले, आणि हंबरडा फोडला. त्यासरशी बाकीच्या धावल्या. आकेनोनं तोंड उघडायच्या आत सगळी वाडी रडत होती. अपुआनं तिला छातीशी घेतलं. अपुआच्या अंगाचा वास इतक्या जवळून तिला कधी आला नव्हता.

या वेळी आकेनो खोटं बोलली नाही. नुसती गप्प राहिली.

अपुआनं तिचं डोकं भादरलं, गळ्यातले मणी उतरवले. पोर दवाखान्यातच पुरलं असणार असं धरून त्याच्या नावानं दाराशेजारी दगड रचायचं ठरलं. पहिला दगड अपुआनंच आणला, नदीतला, गोल, चांगला जड. लोत्यांगनं शेळी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आकेनोची जागा आता दारापाशी. मी गेलो तरी कुणी बदलायची नाही."

त्या दिवसापासून लोक तिला 'गेलेल्याची आई' म्हणू लागले. दुपारी ती आयांत बसू लागली. कुणाचं दूध आटलं, कुणाचं पोर किरकिरं झालं, की तिलाही विचारू लागले. ती सांगायची, आणि त्या ऐकायच्या. ही तिच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची वर्षं. जे झालंच नाही त्याच्या मरणावर मिळालेली. हसायचं असेल तर हसा. पण बाईला आई झाल्याशिवाय खड्डासुद्धा द्यायचा नाही हे ज्यांनी ठरवलं, त्यांना आधी हसा.

गाडी त्यानंतर एकदाच आली. मोकाट कुत्री मारून गेली. जंत मोजून झाले होते. औषधाच्या गोळ्या पुढच्या वेळी आणू म्हणाले, ती पुढची वेळ आली नाही. एकिदोर पुन्हा बापाच्या शेळ्या राखू लागला. नापुस पुन्हा कलेजीचे फोडवाले तुकडे खाऊ लागली. तिच्या अंगावर पुन्हा तुकतुकी होतीच.

मग नाकोली पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि तिला मुलगी झाली.

बारकीला दूध बाधलं त्या सकाळी सगळ्याजणी सावलीत होत्या. बारकीनं नाकोलीच्या मांडीवर पातळ पिवळं केलं. अपुआनं नातीला उचललं, पालथं धरलं आणि जीभ टाळूला लावून टकटक केलं. "नापुस. ये गं. ये."

नापुस उठली. आळस देऊन आली. तिची जीभ बारकीला लागणार, एवढ्यात आकेनोनं तिला मानेच्या कातड्याला धरून मागं खेचलं. कुत्री कुईं करून ओरडली.

"सोड तिला," अपुआ म्हणाली.

"अक्का, नको चाटू देऊस."

"का?"

"एकिदोर काय म्हणाला होता, आठवतं ना?"

"एकिदोर? त्या कुत्र्यांच्या हगवणीचं मोजमाप करणाऱ्या येड्याचं ऐकू? माझी शेवटची दोन या कुत्रीनं वाढवली. त्याआधीची हिच्या आईनं. मेली का कुणी?"

"वेळ लागतो, अक्का. वर्षं लागतात."

"तू तर जन्मभर कुत्री पोटाशी घेऊन निजलीस. तुला काय झालं? कूस उजवली उलट तुझी."

बारकी उघडं ढुंगण वर करून रडत होती. सगळ्या बघत होत्या. दाराशेजारी दगडांची ती लहानशी रास होती, तिच्यावर कुणीतरी सकाळीच तंबाखू टाकली होती.

नापुसची मान आकेनोच्या मुठीत थरथरत होती, चाटायच्या ओढीनं.

"उजवली नव्हती," आकेनो म्हणाली.

"काय?"

"मूल नव्हतं पोटात. पाण्याची पिशवी होती. हिच्यासारख्यांच्या जिभेवरची." तिनं एका हातानं कुत्री धरून ठेवली आणि दुसऱ्यानं अंगावर पांघरलेलं शेळीचं कातडं बाजूला सारलं. बरगडीखाली आडवा व्रण होता. "हे बघ. पोर इथून काढतात होय?"

नाकोलीनं आईच्या हातातून बारकी ओढून घेतली आणि आपल्या कातड्यात गुंडाळली. घाणीसकट.

अपुआनं व्रणाकडे बघितलं. मग दगडांकडे. मग पुन्हा व्रणाकडे.

"आम्ही रडलो," ती म्हणाली.

"रडलात."

"मी तुझं डोकं भादरलं."

"भादरलंस."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही कुणी विचारलं नाहीत."

अपुआ हसली. ओठ न हलवता, नाकातूनच. "म्हणजे पाण्याला माती दिली म्हणायची आम्ही." ती बाकीच्यांकडे वळली. "ऐकलंत ना? पाण्याची आई ही."

एकजण हसली. मग थांबली. मग सगळ्या उठून आपापल्या कामाला लागल्या. आकेनोच्या शेजारी जी बसली होती ती जराशी सरकून मग उठली.

संध्याकाळी लोत्यांगच्या कानावर गेलं. त्यानं तंबाखू चघळत शेळ्या आत घेतल्या आणि अपुआला म्हणाला, "दारापाशीची जागा आईची असते." बस, एवढंच. बायकोवर ओरडला असता तरी बरं झालं असतं. ओरडायला ती बायको राहायला हवी होती.

सकाळी रास नव्हती. तीन चांगले दगड नाकोलीच्या झोपडीपुढं मांडून त्यांची चूल केली होती, बाकीचे कुंपणाच्या बुडाशी टाकले होते. "दगड चांगले आहेत," अपुआ म्हणाली. "वाया कशाला घालवायचे?" आकेनो म्हणजे आमच्या भाषेत चूल. तिच्या आईला चुलीपाशीच कळा लागल्या होत्या म्हणून ते नाव. अपुआच्या ते ध्यानात होतं की नव्हतं कोण जाणे.

नापुसला आखूड दोरीनं खुंटीला बांधलेलं होतं. बांधली होती अपुआनंच. आकेनोनं ते बघितलं.

अपुआनं पिवळा कॅन तिच्या पायाशी आपटला. "जा. बारकीचं ढुंगण धुवायला पाणी लागेल. रोज लागेल. कुत्री बंद केलीस ना तू? मग आता तूच कुत्री."

आकेनोनं कॅन उचलला.

पात्रात खणायला बसलं की हात कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत आत जातो. वाळू आधी गरम, मग गार, मग ओली. वाटीवाटीनं भरत कॅन भरायला दुपार झाली. व्रण ओढत होता. डोक्यावर कॅन घेऊन ती वाडीपाशी आली तेव्हा सावल्या पायाखाली होत्या.

कुंपणाच्या बाहेर ते काटेरी झाड होतं. आत्याला तशाच एका झाडाखाली ठेवलं होतं. आकेनो थांबली. कॅन खाली टेकवला. झाडाखालची जागा वाळक्या काट्यांनी भरलेली होती, लांब, पांढरे, सुईसारखे काटे. ती वाकली. एक काटा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. पाठीखाली येतील तेवढे वेचले, हातानं वाळू सारखी केली आणि मागं सरून बघितलं.

कुंपणाच्या आत बारकी रडायला लागली.

तिनं कॅन डोक्यावर घेतला आणि आत गेली.